होबी १६ की ए-क्लास? शर्यतीची पहिली कॅटमरान निवडताना

छोटी कॅटमरान, म्हणजे दोन अंगांची शिडाची नाव, घ्यायची म्हटलं की बोलणं लगेच वेगावर येतं. मी आधी वेगळंच विचारेन: पाण्यावर तुमच्यासोबत कायम कोणी असणार आहे का? हा नाद एकदा लागला की जन्मभर सुटत नाही, म्हणून याचं उत्तर खरं द्या.

होबी १६ दोघांची. होबी आल्टर यांची ही नाव १९७० च्या सुमारास आली. लांबी ५.०४ मीटर, वजन सुमारे १४५ किलो. तिला डॅगरबोर्ड, म्हणजे पाण्यात खाली सरकवायच्या फळ्या, नाहीत. आडवं घसरणं रोखण्याचं काम वाकड्या, असमान बाजूंचे हलच, म्हणजे नावेची दोन लांबट अंगंच, करतात. सुकाणूही तळ लागताच वर उचललं जातं, त्यामुळे ती थेट वाळूवर चढवता येते. पण वाऱ्यातून वळताना ती अडते. जिब, म्हणजे पुढचं लहान शीड, क्षणभर उलटं भरू द्यायचं, नाळ (नावेचं टोक) पलीकडे गेली की मेनशीट, म्हणजे मोठ्या शिडाची दोरी, सैल सोडायची. हे दोघांना एका तालात जमलं की जो आनंद होतो, त्यासाठीच मला ही नाव प्रिय आहे. जोराच्या वाऱ्यात वाऱ्याआडच्या हलचं नाक पाण्यात घुसलं तर नाव पुढच्या पुढे कोलांटी खाते. म्हणून ट्रॅपीझवर, म्हणजे डोलकाठीच्या तारेला लटकून नावेबाहेर झुकलेलं असताना, मागे सरकायची सवय सुरुवातीलाच लावा. उलटलेली होबी हलक्या माणसाला एकट्याने सरळ करता येत नाही. शर्यतीत सगळ्या नावा सारख्या, दोघांचं मिळून किमान वजन १२९.३ किलो; कमी पडलं तर भार बांधायचा. म्हणजे हरलात तर नावेला दोष देता येत नाही.

ए-क्लास एकट्याची. लांबी जास्तीत जास्त ५.४९ मीटर, रुंदी २.३० मीटर, वजन किमान ७५ किलो, डोलकाठीसह शीड १३.९४ चौरस मीटर. या चौकटीत बांधणाऱ्याला बरीच मोकळीक, म्हणून नवी नाव जुनीला मागे टाकत राहते. एकच शीड, पण डोलकाठीचा कोन, शिडाचा फुगवटा, ट्रॅपीझ, सुकाणू सगळं तुमच्याच हाती. कार्बनचं अंग नाजूक; वाळूवर घासत नेऊ नका, ट्रॉली हवीच. फॉइलवर, म्हणजे पाण्याखालच्या पंखांवर, उडणाऱ्या नावा खुल्या गटात, न उडणाऱ्या क्लासिक गटात धावतात.

नवख्याला मी होबीच सुचवेन, सोबती पक्का असेल तर. सोबत्याच्या सवडीसाठी सुट्ट्या वाया जाणार असतील, किंवा तासन्‌तास एकेक दोरी जुळवण्यात तुम्ही रमत असाल, तर ए-क्लास घ्या, आणि जुनी, न उडणारी घ्या; क्लासिक गटात तिला जागा आहे.

वापरलेली होबी बघताना बैठकीची चौकट पेलणाऱ्या पुढच्या खांबांपुढचा हलचा पृष्ठभाग अंगठ्याने दाबत जा. कुठे मऊ लागलं तर आतले थर सुटलेत. ती सोडून दुसरी शोधा.