ऑक्सफर्ड नी स्कोअर: दोन वर्षं वापरल्यावर

शिक्षण परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात. नऊ वर्षं बैल, म्हशी, कुत्री केली. आता पुण्यात एका हाडांच्या विभागात, गुडघा बदललेल्या माणसांचं पुढे काय होतं याच्या नोंदी ठेवते. त्यासाठी रोज हातात असते ही गुडघ्याची प्रश्नावली, ऑक्सफर्ड नी (म्हणजे गुडघा) स्कोअर.

१९९८ साली ऑक्सफर्डच्या मंडळींनी प्रसिद्ध केलेली. १२ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४, एकूण गुण ४८. जास्त गुण म्हणजे गुडघा बरा. मागच्या ४ आठवड्यांचंच विचारायचं. जुन्या लेखांत मात्र १२ ते ६० अशी उलटी मोजणी असते, तिथे १२ सर्वांत चांगले. पहिल्याच महिन्यात मी त्यात फसले, तेव्हा जपून.

बैलाच्या गुडघ्याची वाटी वर अडकून मागचा पाय ताठ झाला, की आतल्या बाजूचा अस्थिबंध कापायचा आणि चार पावलं चालवून बघायचं. निकाल जागेवर. बाकी काय ते मालक सांगणार. ती सवय इथे नडली. प्रश्न आजींना विचारायचे आणि बघायचे सुनेकडे! "रात्री दुखतं का?" "छे हो, छान झोपतात." आजी हळूच म्हणाल्या, "तिला काय ठाऊक, ती वरच्या खोलीत झोपते." तेव्हापासून नातेवाइकांना बाहेर चहाला पाठवते. पेशंटच्या तोंडूनच घ्यायचं, हे या प्रश्नावलीनं मला शिकवलं. त्याचे पूर्ण गुण.

रडगाणं एवढंच, की ती खुर्चीवरच्या लोकांसाठी केलेली आहे. टेबलावर जेवून खुर्चीतून उठताना किती दुखतं, असा प्रश्न. "आम्ही खालीच बसतो की," हे उत्तर कुठल्या चौकोनात लिहू? गुडघे टेकून उठता येतं का, यावर निम्मे म्हणतात, "डॉक्टरांनी नको सांगितलंय, करूनच बघितलं नाही." मांडी आणि भारतीय संडास यांचा तर पत्ताच नाही.

प्रश्न बदलले तर इतरांच्या आकड्यांशी तुलना करता येत नाही, म्हणून त्यांना हात लावत नाही. वेगळ्या कागदावर दोन रकाने वाढवलेत. पाचपैकी साडेतीन तारे.

मागच्या आठवड्यात ४४ गुणांचे एक काका उठता उठता म्हणाले, "मॅडम, सगळं झकास. फक्त पंगतीत खुर्ची मागावी लागते." त्या दुसऱ्या कागदावर लिहून घेतलं.