स्वतः छापलेलं पुस्तक आणि त्यावरची कमाई : वर्षभर चालवून बघितल्यावर

पुस्तक स्वतः छापून त्यात पैसे सुटतात का, हे मला आमच्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या निम्म्या लोकांनी विचारून झालंय, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. सुटतात. पण नुसत्या विक्रीवर घर चालत नाही, आणि पुस्तक दुसऱ्याच्या हातात देऊन तर अजिबात नाही.

माझं पुस्तक कथा-कवितांचं नाही हे आधीच सांगतो. सीएनसी टर्निंग आणि व्हीएमसी सेटिंगचं आहे, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथ आणि मिलिंग मशीनवर काम लावायचं, मराठीत, आयटीआयमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोरांसाठी. आमच्याकडं खानापूर, चंदगड, बेळगाव तालुका इथली पोरं पहाटेची बस धरून उद्यमबाग, मच्छे, नावग्याला कामाला येतात, मशीनच्या कंट्रोल पडद्यावर सगळं इंग्रजी, सुपरवायझर सांगणार कन्नडात नाहीतर हिंदीत, आणि पोरगं कळलं म्हणून मान हलवणार. ऑफसेट, म्हणजे टूल कुठवर जायचं त्याचा आकडा, मशीनला घालताना एक मायनस राहिला की टूल सरळ जॉबमध्ये, म्हणजे कापायच्या तुकड्यात, इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) गेलं, कधी टूल धरणारं टरेटच हललं, आणि दुसऱ्या दिवशी पोराला गेटवरूनच परत पाठवलेलं. हे बघून बघून लिहायला घेतलं, रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत आणि रविवारी.

लिहून झाल्यावर पहिल्यांदा लेखकाकडूनच पैसे घेऊन पुस्तक काढून देणाऱ्या एका पॅकेजवाल्या कंपनीशी बोलणं झालं, नाव घेत नाही. पॅकेजमध्ये कव्हर, आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक), "मार्केटिंग", पाच-दहा लेखकाच्या प्रती, आणि रक्कम अशी की तेवढ्यात बेळगावात पाचशे पुस्तकं छापून वर पैसे उरतात. मी विचारलं, पुस्तक कोणी घेतलं त्याचं नाव-नंबर मला मिळणार का? नाही म्हणाले, तो आमचा डेटा. तिथंच विषय संपला. आज वर्षभरानंतर सांगतो, ह्या सगळ्या धंद्यात सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे, घेणाऱ्याचा नंबर. पुढं त्यावर येतोच.

आयएसबीएनचं तर लई लोकांना माहीतच नाही, आपल्या देशात तो फुकट मिळतो. राजा राममोहन राय एजन्सी आहे, केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाखाली, त्यांच्या साइटवर लेखक म्हणून स्वतःच्या नावानं अर्ज करायचा, ओळखपत्र आणि पुस्तकाची माहिती जोडायची आणि थांबायचं. थांबायला लागतं हे खरं, छपाईची तारीख त्या हिशोबानं धरा. कंपनीनं तिच्या नावावर घेतलेला आयएसबीएन असेल तर कागदोपत्री प्रकाशक ती कंपनी, उद्या तुम्ही वेगळं व्हायचं म्हटलं तर नंबर तुमच्याबरोबर येत नाही, नवीन घ्यावा लागतो. म्हणून हे काम दुसऱ्यावर सोपवू नका. छापल्यावर महिन्याच्या आत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कोनेमारा, मुंबईचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी इथं प्रती पाठवायचा १९५४ चा कायदा आहे, तेही प्रकाशक म्हणून आपल्यालाच बघायचं. एक प्रत मी आपल्या सार्वजनिक वाचनालयात पण नेऊन दिली, ती कायद्यासाठी नाही, मनानं.

छपाई. इथं मी जरा जास्त लिहिणार कारण निम्मा फायदा-तोटा इथंच ठरतो.

डेमी साइझ (नेहमीच्या पुस्तकाचा आकार), ७० जीएसएम वजनाचा मॅपलिथो कागद, १२८ पानं. १२८ च का तर ऑफसेट छपाईत सोळा पानं मिळून एक फॉर्म, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला कागद, होतो, आठ फॉर्म म्हणजे १२८, त्यात तुमची १३१ पानं झाली तर त्या तीन पानांसाठी सगळा हिशोब बिघडतो, तेव्हा मजकूर कापा नाहीतर वाढवा पण फॉर्ममध्ये बसवा. प्रेसवाल्या अण्णांनी परफेक्ट बाइंडिंग सुचवलं, म्हणजे गमचं, स्वस्त पडतं. मी शिलाईच घेतली. कारण कादंबरी मांडीवर वाचतात, हे पुस्तक मशीनच्या टेबलावर उताणं ठेवून वर स्पॅनर ठेवून वाचतात, गमचं बाइंडिंग महिन्यात पानं सोडणार. कव्हर ३०० जीएसएम आर्ट कार्ड, वर लॅमिनेशन, कूलंट उडाला तरी कापडानं पुसलं की झालं. आत्ता परवा मच्छेच्या एका शॉपमध्ये पहिल्या लॉटमधली एक प्रत बघितली, कडा काळ्या झालेल्या, थ्रेडिंगच्या पानावर बोटाचे तेलकट ठसे, आणि एकही पान सुटलेलं नाही. प्रतीमागं शिलाईचे जे चार-पाच रुपये जास्त गेले ते वसूल झाले.

डीटीपीवाल्याला पहिल्याच दिवशी विचारा, युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइल-कॉम्प्युटरवर कुठंही तसाच दिसणाऱ्या मराठीत, टाइप करणार का. आपल्याकडं अजून बऱ्याच ठिकाणी श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात काम चालतं, छापायला ते झकास दिसतं, पण उद्या तोच मजकूर ई-बुकला घ्यायचा, व्हॉट्सॲपवर टाकायचा म्हटलं की कन्व्हर्ट करताना रफार उडतात, जोडाक्षरं फुटतात, आणि परत सगळं प्रूफ वाचायला बसा. तांत्रिक पुस्तकात तर एका ओळीत मराठी, मशीनला हुकूम द्यायचे इंग्रजी कोड आणि आकडे सगळंच असतं. प्रूफ मी तिघांकडून वाचून घेतलं, एक मराठीच्या बाई, एक मशीन सेटर, आणि एक आयटीआयचा पोरगा. बाईंनी शुद्धलेखन सुधारलं, सेटरनं दशांशचिन्हं तपासली, आणि पोरानं जिथं जिथं कळलं नाही तिथं पेन्सिलीनं गोल केले. ते गोल सगळ्यात कामाचे.

पहिल्या पाचशे प्रतींना एक प्रत ६८ रुपयांना पडली, किंमत ठेवली २५०. आता पुढचं बघा. पुस्तकाच्या दुकानात ठेवलं तर कमिशन साधारण ३० ते ४० टक्के जातं, वितरकामार्फत गेलात तर अजून जास्त. ३५ टक्के धरले तर ८७ रुपये तिथंच गेले, छपाई वजा जाता हातात ९५ च्या आसपास, आणि तेही विकल्यावर, कधी कधी पुस्तक विकून महिने झाले तरी हिशोब होत नाही. तेच स्वतः हातानं विकलं की पाकिटाचा खर्च जाऊन १७५ सुटतात, पैसे लगेच क्यूआरवर, आणि नंबर आपल्याकडं. मी दुकानात ठेवतो, पण थोड्याच प्रती, लोकांना दिसावं म्हणून.

खरी विक्री झाली ती टूलच्या दुकानांतून. इन्सर्ट, ड्रिल, टॅप विकणारी जी दुकानं आहेत तिथं काउंटरवर पाच प्रती ठेवल्या, मालकाला प्रतीमागं पन्नास रुपये. त्याच्याकडं येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आपलंच गिऱ्हाईक. तुमचं पुस्तक शिवणाचं असेल तर शिवणाच्या सामानाच्या दुकानात ठेवा, शेतीचं असेल तर खत-बियाण्याच्या, पुस्तकाच्या दुकानाची वाट बघत बसू नका. दुसरी जागा, आपली गावोगावची साहित्य संमेलनं. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, थंडीत एकामागून एक लागलेली असतात आणि पुस्तकांचे स्टॉल असतातच. तिथं मशीनचं पुस्तक कोण घेणार म्हणून मित्रांनी मला थांबवलं होतं. पण घेणारे पोरांचे आई-बाप निघाले! कडोलीत एक मामा टोपी सावरत आले, पुस्तक उलटं-सुलटं केलं, म्हणाले "आमचा बारका आयटीआयला आहे, त्याला हे कळंल काय?" मी म्हटलं मामा, त्यालाच फोन लावा की. लावला, पोराशी पाच मिनिटं बोललो, मामांनी दोन घेतली, एक शेजाऱ्याच्या पोराला. माझी सगळ्यात आवडती विक्री तीच.

बाहेरगावी पोस्टानं. १ मे २०२५ पासून टपाल खात्याची ज्ञान पोस्ट सुरू झालीय, शैक्षणिक, सांस्कृतिक असल्या पुस्तकांसाठी, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर टॅक्स. ट्रॅकिंग मिळतं, जमिनीवरून जातं म्हणून थोडे दिवस जास्त लागतात. अट अशी की पुस्तकावर प्रकाशक नाहीतर मुद्रकाचं नाव पाहिजे आणि आत धंद्याच्या जाहिराती नकोत. माझ्याकडं मागच्या पानांवर जाहिरात देतो म्हणणारे दोन-तीन टूलवाले होते, पण मी जाहिरात घेतली नाही, पोस्टाची सवलत जास्त दिवस पुरते. कोल्हापूरकडं शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, इकडं शिनोळी-हलकर्णी एमआयडीसी, सगळीकडं पोस्टानंच जातं. सीमेवर वातावरण तापलं की महाराष्ट्राची एसटी आणि आपल्या कर्नाटकाच्या बसेस दोन्ही थांबतात, तेव्हा बसनं पार्सल पाठवायच्या भरवशावर राहू नका, पोस्टमनला सीमाप्रश्न आडवा येत नाही.

प्रिंट ऑन डिमांड पण लावून ठेवलंय. बंगळूरची पोथी डॉट कॉम, चेन्नईची नोशन प्रेस असे पर्याय आहेत, मागणी येईल तशी एकेक प्रत छापतात. आगाऊ पैसे अडकत नाहीत ही मोठी सोय, पण एका प्रतीचा छपाई खर्च ऑफसेटच्या दुपटीच्या घरात जातो, म्हणून मी ते फक्त लांबच्या वाचकांसाठी ठेवलं. ज्याला किती खपेल ह्याचा काहीच अंदाज नाही त्यानं मात्र आधी हेच करावं, पन्नास प्रती त्यातून विकून बघाव्या आणि मग प्रेसची पायरी चढावी.

ॲमेझॉनच्या किंडलवर मराठी ई-बुक चालतं. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी पाहिजे तर त्यांच्या सिलेक्ट योजनेत नाव घालावं लागतं, म्हणजे ९० दिवस ई-बुक दुसरीकडं कुठंच विकायचं नाही, नाहीतर ३५ टक्के. सिलेक्टमध्ये असलं की किंडल अनलिमिटेडची वर्गणी भरलेले लोक वाचतात त्या पानांवर पैसे मिळतात, आणि रॉयल्टी महिना संपल्यावर साधारण साठ दिवसांनी जमा होते. कादंबरीवाल्यांनी नक्की करावं असं माझं मत. माझ्या पुस्तकात तक्ते जास्त, मोबाइलच्या पडद्यावर तक्ता मोडतो, तेव्हा मी ३५ वर ठेवून दिलं आणि त्याच्याकडं फारसं बघत नाही.

आता कमाई. पुस्तकानं वर्षात स्वतःचा खर्च काढून थोडं वर दिलं, तेवढंच. पण पुस्तकामागून जे आलं ते पगाराच्या बरोबरीला यायला लागलंय. पहिलं म्हणजे चार्ट. पुस्तकातले शेवटचे तक्ते, कोडची यादी आणि टॅपनं आटे पाडायच्या आधी किती मापाचा ड्रिल मारायचा ते, एम ६ आट्याला ५, एम ८ ला ६.८, एम १० ला ८.५ मिलिमीटर, असं सगळं एका मोठ्या कागदावर, लॅमिनेट करून मशीनला लटकवायला भोक पाडलेलं. हे पुस्तकापेक्षा जास्त खपतं. पुस्तक एक माणूस घेतो, चार्ट मालक मशीनमागं एक घेतो. दुसरं, रविवारची बॅच, आठ पोरं, एका ओळखीच्या शेडमध्ये, मालकाला भाडं देऊन. क्लासची वेगळी जाहिरात कधी केलीच नाही, पुस्तक वाचून फोन येतात, "मेस्त्री, तुमचं ते जी फिफ्टीफोरचं पान वाचलं, मशीनवर दाखवणार काय?" (जी फिफ्टीफोर म्हणजे जॉबचा शून्य बिंदू कुठं ते मशीनला सांगायचा कोड.) तिसरं, कारखान्याचे मालक. एकानं सगळ्या ऑपरेटरना एकेक प्रत घेतली आणि मग नवीन मशीन आल्यावर सेटिंग शिकवायला दोन दिवस बोलावलं. त्या दोन दिवसांचे पैसे म्हणजे कितीतरी पुस्तकांचे, पण पुस्तक नसतं तर त्यानं मला ओळखलंच नसतं.

आणि ह्या सगळ्याच्या मुळाशी माझी एक वही. प्रत्येक घेणाऱ्याचं नाव, गाव, नंबर, कुठल्या मशीनवर काम करतो, हे मी विचारून लिहून ठेवतो. महिन्यातून एक मेसेज पाठवतो, एखादी कामाची युक्ती, विक्रीचं काही नाही. चार्ट आला तेव्हा पहिला लॉट ह्या वहीतच संपला.

पीडीएफ फिरतं का? फिरतं की. कोणीतरी पानं स्कॅन करून ग्रुपवर टाकली. वाईट वाटलं, रात्रंदिवस बसून काढलेल्या आकृत्या आहेत, एकही कंट्रोल कंपनीच्या मॅन्युअलमधून उचललेली नाही. पण आमच्या पुस्तकात प्रत्येक पानाच्या तळाला माझा नंबर पहिल्यापासून छापलेला आहे, त्यामुळे स्कॅन वाचून पण फोन येतात, आणि त्यातली काही पोरं बॅचला येऊन बसली. ही गोष्ट कोणीही लगेच करण्यासारखी.

टॅक्सचं थोडक्यात : छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे, आणि नुसती पुस्तकंच विकणाऱ्याला जीएसटी नोंदणीची गरज नाही, पण क्लासची फी ही सेवा, ती पुस्तकात मोडत नाही, तिथं सगळी मिळून उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर जाते का ते बघायचं. पहिल्याच वर्षी सीएकडं बसून घ्या आणि पुस्तकाच्या पैशाला वेगळं बँक खातं ठेवा.

कोणासाठी हे नाही तेही सांगतो. ज्याला लोकांशी बोलायचा, फोन उचलायचा, पाकिटं चिकटवायचा कंटाळा आहे त्यानं प्रकाशक बघावा, चांगले प्रकाशक आहेत मराठीत. आणि ज्याच्या पुस्तकाचा ठरलेला वाचक त्याला स्वतःला माहीत नाही, त्यानं आधी तो शोधावा, मग छापावं.

दुसरी आवृत्ती आता प्रेसला चाललीय, व्हीएमसीचे दोन फॉर्म वाढवलेत, मजकूर एवढा बदलला म्हणून नवीन आयएसबीएन घेतला. पहिली आवृत्ती ज्यांच्याकडं आहे त्यांनी परत पैसे घालू नयेत, वाढीव पानं मी वहीतल्या सगळ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवतोय. कोणाचा नंबर बदलला असेल तर कळवा.