आपलीच सीट आपल्यालाच 75 हजारांना

धायरीतल्या एका घरातला प्रकार. मुलीला इंजिनीअरिंग प्रवेशाच्या सीईटीत 92 पर्सेंटाइल, कॅटेगरी ओपन, बारावी पुण्यातूनच. वडिलांनी डेक्कनजवळच्या एका ‘ॲडमिशन सल्लागारा’ला कॉलेजांची यादी काढून द्यायचे 15 हजार दिले आणि वर ‘मॅनेजमेंटची सीट धरून ठेवायला’ 75 हजार रोख, टोकन म्हणून. काम झालं नाही तर टोकन परत, अशी बोली. पावती नाही, डायरीच्या पानावर रक्कम आणि तारीख, बस. पहिल्याच कॅप राउंडमध्ये, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशाच्या फेरीत, मुलीला टोकन दिलेल्या ‘त्याच’ कॉलेजात आयटी मिळालं. घरात पेढे आले. काही आठवड्यांनी कळलं की शेजारच्या इमारतीतल्या 91 वाल्या मुलीला तिसऱ्या फेरीत याहून बरं कॉलेज मिळालंय, कुणालाही एक पैसा न देता.

सगळी मेख ‘टोकन परत’ या दोन शब्दांत आहे. सल्लागार दहा जणांकडून टोकन घेतो. ज्यांना मेरिटवर तसंही ते कॉलेज मिळणारच असतं, त्यांना ते मिळतं आणि पैसे याच्या खिशात राहतात. ज्यांना मिळत नाही त्यांना तो हात जोडून पैसे परत करतो, वर ‘माणूस सचोटीचा आहे’ असं नावही कमावतो. कॉलेजात ओळख असण्याची गरजच नाही. कॅपची सीट सीईटी सेलचा, म्हणजे हे प्रवेश करणाऱ्या सरकारी यंत्रणेचा, संगणक मेरिट आणि पसंतीक्रम पाहून देतो. ती कुणी सल्लागार धरूनही ठेवू शकत नाही आणि मिळवूनही देऊ शकत नाही. खासगी विनाअनुदानित कॉलेजातल्या 20 टक्के संस्था-स्तरावरच्या, म्हणजे मॅनेजमेंटच्या, जागा वेगळ्या असतात. त्यांची जाहिरात येते, अर्ज घेतले जातात, मेरिट लिस्ट लागते. अलॉटमेंट लेटरवर ‘कॅप राउंड 1’ छापलेलं असेल, तर ती सीट मॅनेजमेंटची नव्हतीच.

आता ती यादी. स्पायरल बाइंडिंग, 40 ओळी, हिरवा-पिवळा-लाल रंग. रकाने चारच: कॉलेज, ब्रँच, कटऑफ, चान्स. चॉइस कोड (फॉर्ममध्ये भरायचा कॉलेज-ब्रँचचा नंबर) नाही, कॅटेगरी नाही, कुठल्या फेरीचा कटऑफ तेही नाही. या तीन गोष्टींशिवाय कटऑफचा आकडा निरर्थक असतो. पहिल्या क्रमांकाच्या कॉलेजपुढे छापलेला आकडा निघाला टीएफडब्ल्यूएसचा, म्हणजे ट्यूशन फी माफ असलेल्या 5 टक्के जादा जागांचा. फी माफ म्हटल्यावर तिथे झुंबड उडते आणि कटऑफ बहुतेक वेळा ओपनच्या वर जातो. साहजिकच कॉलेज मुलीच्या आवाक्याबाहेरचं वाटलं आणि मिळाल्यावर सल्लागाराचा चमत्कार वाटला.

खरा आकडा सीईटी सेलच्या साइटवरच्या मागच्या वर्षीच्या कटऑफ पीडीएफमध्ये फुकट मिळतो. प्रत्येक कॉलेजचा स्वतंत्र कोड असतो. ब्रँचखाली जी-ओपन-एच, एल-ओपन-एच, जी-ओपन-ओ असे रकाने असतात. जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठी राखीव, एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी (कॉलेजच्या विद्यापीठाच्या हद्दीतूनच बारावी केलेल्यांसाठी), ओ म्हणजे त्या हद्दीबाहेरून आलेल्यांसाठी, एस म्हणजे राज्यस्तर. वरचा आकडा मेरिट नंबर, कंसातला पर्सेंटाइल. दोन्ही पाहा, कारण तेवढ्याच पर्सेंटाइलचा मेरिट नंबर दर वर्षी हलतो. मुलगी असेल तर एलचा रकाना आधी पाहायचा. मुलींना 30 टक्के आरक्षण आहे आणि या यादीत त्याचा पत्ताच नव्हता. लातूरहून बारावी करून पुण्यात आलेल्या मुलाला एचचे आकडे दाखवले जातात, तीही फसवणूकच. तो पुण्याच्या कॉलेजांसाठी ‘ओ’मध्ये मोडतो.

पैशांपेक्षा मोठं नुकसान झालं क्रमाचं. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली की ती ऑटो फ्रीझ, म्हणजे आपोआप पक्की, होते आणि पुढच्या फेऱ्यांचा दरवाजा बंद. 2025-26 पासून फेऱ्या चार झाल्या. दुसरीत पहिल्या तीन आणि तिसरीत पहिल्या सहा पसंतींना हाच नियम. सल्लागाराने सहज मिळणारं कॉलेज मुद्दाम एक नंबरला घातलं, म्हणजे टोकन पहिल्याच फेरीत पक्कं. ‘वर अवघड कॉलेजं टाकली तर खालची हातची जाते’ ही त्याची भीती निव्वळ थाप. संगणक यादी वरून खाली तपासत येतो. वरचं मिळालं नाही तर खालचं तुमच्या मेरिटवर मिळतंच.

म्हणून क्रम कटऑफने नाही, आवडीने लावायचा. फॉर्ममध्ये 300 पर्यंत पर्याय भरता येतात, पण 30-35 नीट पाहिलेले पुरतात: आठ-दहा आपल्या पर्सेंटाइलच्या दोन-तीनने वरचे, पंधराएक आसपासचे, उरलेले खात्रीचे. खात्रीचे भरायला आळस करू नका. पण मुलाला जिथे जायचंच नाही, ते कॉलेज ‘असू दे’ म्हणून वर नको. नावांतही गल्लत करू नका. खासगी आणि अभिमत विद्यापीठांचे प्रवेश आपापले असतात, कॅपच्या फॉर्ममध्ये ती नसतात. एकाच ट्रस्टचं कॉलेज आणि विद्यापीठ शेजारीशेजारी असतं, आणि यादीत त्यांची सरमिसळ हमखास होते. फी पाहायची तर शुल्क नियामक प्राधिकरणाच्या साइटवर प्रत्येक कॉलेजची मंजूर फी आहे.

लॉगिन पासवर्ड कुणालाही देऊ नका. नोंदणीला सल्लागाराचा मोबाइल नंबर तर अजिबात नको, कारण ओटीपी त्याच्याकडे जातो आणि क्रम बदललेला तुम्हाला कळतही नाही. फॉर्म कन्फर्म केल्यावर पीडीएफ उतरवून घ्या आणि घरी लिहिलेल्या कागदाशी ओळ न् ओळ, चॉइस कोडसकट, ताडून पाहा.

पैसे गेलेच असतील आणि यूपीआयने दिले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. रोख दिले असतील तर व्हॉट्सॲपवरचं बोलणं, डायरीच्या पानाचा फोटो आणि ऑफिसच्या पाटीचा फोटो घेऊन पोलीस ठाणं गाठा. कॅपिटेशन फीला, म्हणजे प्रवेशासाठी ठरलेल्या फीपेक्षा वर घेतलेल्या पैशांना, बंदी घालणारा राज्याचा 1987 चा कायदा आहे. धायरीच्या वडिलांनी पाटीचा फोटो काढायचं ठरवलं तेव्हा सप्टेंबर उजाडला होता. त्या गाळ्यात तोवर मोबाइल कव्हरचं दुकान थाटलं होतं.