घरच्यांना घेऊन निसर्गात एक दिवस: फणसाड की ऐरोली?

सोबत आजी आणि चार वर्षांचं पोर असेल, तर माझं मत नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्राला. कांदळवनातून लाकडी पायवाट, खेकडे पाहायला वाकावंही लागत नाही. ठाणे खाडीत रोहित पक्षी साधारण नोव्हेंबर ते मे दिसतात. बोटफेरी मात्र भरतीवर अवलंबून, म्हणून आधी भरतीची वेळ बघा, मगच डबे भरा. (नाश्त्यावरून भांडण करणाऱ्या घरांनी तर आदल्या रात्रीच.) ओहोटीला पाणी उतरलं की बोट जात नाही, आणि मुलांना ते समजावणं आलं.

फणसाड वेगळंच. मुरूडजवळचं हे जंगल जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं राखीव रान होतं. 1986 मध्ये अभयारण्य झालं. सुपेगावच्या बाजूने आत शिरलात की चालायची तयारी हवी. शेकरू दिसेल, पण झाडाखाली गप्प उभं राहिलात तर. मोबाईलवर गाणी लावणाऱ्यांना नुसती पानं दिसतात. उन्हाळ्यात पाणवठ्यांजवळ नशीब आजमावावं. परतीच्या वाटेवर काशीदचा समुद्र आहेच. दहा-बारा वर्षांच्या मुलांना मी इथेच नेईन, गुडघे कुरकुरणाऱ्या काकांना घरी ठेवून.