न घसरणाऱ्या बुटांचा स्प्रे आणि माझे २६,२४६ रुपये

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे "नक्की किती गेले?" हे जो तो वेगळं विचारणार नाही. २६,२४६ रुपये. त्यातले १,४९७ तीन बाटल्यांच्या 'फॅमिली पॅक'चे, १४९ 'रिव्हर्स पिकअप'चे आणि उरलेले २४,६०० रिफंड देतो म्हणून काढून घेतलेले. आधी ९,८०० आणि लगेच मागोमाग १४,८००. ज्यांना हसायचंय त्यांनी हसून घ्या. पावसाळ्यात बूट घसरू न देणाऱ्या या स्प्रेची जाहिरात जास्तच फिरते, म्हणून लाज गुंडाळून ठेवून लिहितोय.

मी एका कारखान्यातलं कँटीन चालवतो. हाताखाली सहा माणसं. स्वयंपाकघरात कोटा फरशी, तीही इतकी वर्षं घासली गेलेली की लादीत तोंड दिसावं. कढईतून तेल उडतं, मोरीकडून पाणी येतं आणि त्यातून ही माणसं भरलेली पातेली घेऊन ये-जा करतात. कारखान्याच्या सेफ्टीवाल्या साहेबांनी ऑडिटमध्ये शेरा मारला: कँटीनमधल्या कामगारांचे बूट घसरतात, उपाय करावा. सहा जोड चांगले बूट म्हणजे किती खर्च, ते कंत्राटदारालाच विचारा. त्यात आमचं बिल कधी वेळेवर निघत नाही. मी मोबाइलवर दोन-चार ठिकाणी बुटांचे भाव बघितले, एवढंच. संध्याकाळपासून तीच जाहिरात डोळ्यांसमोर नाचायला लागली: कुठल्याही बुटाच्या तळाला स्प्रे मारा, ३० सेकंद थांबा, तेलावरसुद्धा घसरणार नाही. यांना कोण काय शोधतंय ते बरोबर कळतं, चोर मात्र कुणाला सापडत नाही.

आता त्या व्हिडिओबद्दल. हे नीट वाचा, कारण सगळं त्यातच होतं.

एक माणूस पांढऱ्या लादीवर बाटलीभर तेल ओततो, चालायला जातो आणि सर्रकन घसरतो. मग बूट उलटा करून स्प्रे मारतो. पुढच्या दृश्यात त्याच तेलावर तो उड्या मारतो. पहिल्या दृश्यात बूट क्षणभर कॅमेऱ्याकडे वळतो तेव्हा त्याचा तळ सपाट दिसतो, प्लास्टिकसारखा चकचकीत. उड्या मारताना पाय वर जातो तेव्हा तळाला खोल खाचा दिसतात, टायरला असतात तशा. बूट वरून सारखाच, काळा. तळ वेगळा! मला ते दिसलं होतं. "अरे, तळ बदलला की काय?" असं मनात आलंसुद्धा. तेवढ्यात गॅसवाल्याचा फोन आला आणि ते राहून गेलं. माझ्या जागी तुम्ही असता तर व्हिडिओ थांबवून, मोठा करून बघितला असता का? खरं सांगा. दिवसभर चारशे ताटं वाढून झाल्यावर माणूस पुरावे तपासत बसत नाही. तरी तो क्षण काही केल्या डोक्यातून जात नाही. रात्री झोप मोडली की आधी तो खाचांचा तळ आठवतो.

जाहिरातीत मोठ्या अक्षरांत 'एसआरसी सर्टिफाइड' लिहिलेलं होतं, शेजारी आयएसआयचं चिन्हही. मी तेवढ्यावर विसंबलो, आणि का विसंबू नये? सेफ्टीवाल्या साहेबांच्या तोंडून मी हाच शब्द ऐकला होता. त्याचा अर्थ त्यांनी नंतर सांगितला, पैसे गेल्यावर. आयएसओ २०३४५ हे सेफ्टी बुटांचं मानक आहे. त्याच्या २०११ च्या आवृत्तीत घसरण्याच्या चाचणीच्या तीन खुणा होत्या. सिरॅमिक लादीवर साबणासारखं द्रावण टाकून बूट पास झाला तर एसआरए, स्टीलच्या पत्र्यावर ग्लिसरीन टाकून पास झाला तर एसआरबी, दोन्हींत पास झाला तर एसआरसी. २०२२ च्या आवृत्तीत या खुणा काढूनच टाकल्या. आता लादीवरची साबणाची चाचणी सगळ्या बुटांना मुळातच लागते, आणि ग्लिसरीनची चाचणीही पास झाली तर 'एसआर' लिहितात. मुद्दा असा की ही खूण बुटाला मिळते, बाटलीला नाही. स्प्रेला एसआरसी म्हणजे शुद्ध थाप. आयएसआयच्या चिन्हावर वरच्या बाजूला मानकाचा क्रमांक असतो (सेफ्टी बुटांसाठी आपल्याकडे आयएस १५२९८) आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक. भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की परवाना कुणाचा ते दिसतं. यांच्या चिन्हावर कसलाच क्रमांक नव्हता, नुसतं चित्र.

पार्सल आलं. बाटलीवर उत्पादकाचं नाव नाही, पत्ता नाही, महिना-वर्ष नाही, कस्टमर केअरचा नंबर नाही. पॅकबंद मालावर हे सगळं छापणं २०११ च्या नियमांनी बंधनकारक आहे. स्टिकर नखाने उचकटला तर खाली दुसराच स्टिकर, केसांच्या स्प्रेचा! तेव्हाच फेकून द्यायला हवं होतं असं आता सगळे म्हणतात. १,४९७ रुपये मोजलेला माणूस बाटली फेकत नाही, मारून बघतो. आम्हीही मारला. कोरड्या लादीवर पाय खरंच चिकटला, करकर आवाज आला, पोरं खूश. तासाभरात त्या चिकट थरावर पीठ आणि धूळ बसली. तळाच्या बारीक खाचा थराने भरून गेल्या. त्याच खाचांतून तर पाणी बाजूला सरकतं आणि रबर लादीला टेकतं. त्या बुजल्या म्हणजे बुटाचा तळ व्हिडिओतल्या पहिल्या बुटासारखाच सपाट. दुपारी मोरीजवळ आमच्याकडे कामाला असलेल्या काकू घसरल्या. हातात रिकामं पातेलं होतं म्हणून निभावलं. ओटा धरायला गेल्या आणि मनगट मुरगळलं.

रिफंडची गोष्ट थोडक्यात सांगतो, ही पद्धत तुम्हाला माहीतच आहे. वेबसाइटवरचा नंबर लागेना, पण व्हॉट्सॲपवर उत्तर पाच मिनिटांत. भाषा अगदी गोड, "सर, तुमच्या स्टाफला लागलं याचं खूप वाईट वाटलं." आधी माल परत न्यायचे १४९ भरायला लावले, 'रिफंडेबल' म्हणून. मग 'रिफंड फॉर्म' पाठवला. तो फॉर्म नव्हता, एपीके फाइल होती, म्हणजे फोनमध्ये परस्पर ॲप टाकणारी. फोनने एसएमएस वाचायची परवानगी मागितली, मी दिली. फोन दर ॲपसाठी काही ना काही परवानगी मागतोच. ओटीपी मी कुणालाही सांगितला नाही, हे पुन्हा लिहितो: कुणालाही नाही. ॲपने तो परस्पर वाचला. कुणी व्हॉट्सॲपवर फाइल पाठवून "इन्स्टॉल करा" म्हणाला तर तिथेच ब्लॉक करा. पैसे परत घ्यायला ॲप लागत नाही, ओटीपी लागत नाही, पिन तर नाहीच नाही.

पुढचं ऐका. लुटणाऱ्याने निदान "सर" तरी म्हटलं होतं.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन लावला, व्यस्त. पुन्हा लावला, संगीत. शेवटी लागला तेव्हा बाईंनी तक्रार व्यवस्थित लिहून घेतली, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तोवर पैसा दोन खात्यांतून पुढे गेला होता. १४,८०० पैकी ३,२०० कुठल्याशा खात्यात गोठवलेत असा मेसेज आला. आनंद झाला. बँकेत गेलो तर म्हणे, ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणा. माझेच ३,२०० मला मिळवायला मी वकील लावायचा!

पोलीस ठाण्यात म्हणाले, "हे सायबरचं आहे." सायबरवाले म्हणाले, "रक्कम लहान आहे, ठाण्यातच द्या." ठाण्यात परत गेलो तर साहेब बंदोबस्ताला. एका हवालदारांनी विचारलं, "एवढ्या वयाच्या माणसाने बुटाला स्प्रे कशाला मारायचा?" यावर काय बोलणार? १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय न्याय संहितेत चारशेवीसचं कलम ३१८ झालं, एवढं मात्र त्यांनी अगत्याने सांगितलं. कलमाचा आकडा बदलला, टेबलामागची खुर्ची तीच.

बँकेचं तर विचारूच नका. "ओटीपी टाकला गेलाय, म्हणजे तुम्हीच दिला." एवढं एकच वाक्य, प्रत्येक काउंटरवर. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक तेव्हा लागू होतं. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसऱ्याच कुणाची असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर त्याची जबाबदारी शून्य. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायचं ओझंही त्यात बँकेवर होतं. मी त्याची प्रिंट काढून नेली. मॅनेजरने ती उलटसुलट बघितली आणि म्हणाला, "हे हेड ऑफिसला पाठवतो." लेखी पोच मागितली तर चेहरा असा केला जणू मी कर्ज मागितलंय. पोच घेतल्याशिवाय उठू नका. ३० दिवसांत उत्तर आलं नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, आणि तिथे तारखेचा पुरावा लागतो. माझी तक्रार आता तिथे आहे.

ज्या कंपनीच्या ॲपवर जाहिरात दिसली तिला रिपोर्ट केलं. उत्तर: आमच्या नियमांचं उल्लंघन आढळलं नाही. तेल ओतून माणसं पाडणारी जाहिरात यांच्या नियमात बसते.

आणि ग्राहक हेल्पलाइन, १९१५. ते तक्रार कंपनीकडे पाठवतात, पण पाठवायला कंपनी हवी ना! २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव वेबसाइटवर असलं पाहिजे, त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण दिलं पाहिजे. यांच्या साइटवर 'कॉन्टॅक्ट अस'खाली एक जीमेलचा पत्ता होता, बस्स. ग्राहक आयोगाचा विचार केला तर ओळखीचे वकील म्हणाले, "तू कँटीनसाठी घेतलंस ना? व्यापारी कारणासाठी माल घेणाऱ्याला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा ग्राहक मानत नाही." स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः धंदा करणाऱ्याला त्यात सवलत आहे, पण सहा माणसं कामाला असताना ती लागू होईल का, यावर म्हणे वाद घालावा लागेल. म्हणजे फसवलं तेव्हा मी ग्राहक होतो, दाद मागायला गेलो तर नाही.

ज्यांना खरंच बूट घसरायचा त्रास आहे त्यांच्यासाठी, माझ्याकडे आता काय चालू आहे ते सांगतो. नवा बूट घसरत असेल तर तळ साबणाने धुवा आणि काचकागदाने आडवा घासा. साच्यातून काढताना लावलेल्या द्रव्याचा थर बऱ्याचदा तळावर राहिलेला असतो. खाचांत अडकलेलं तेल-पीठ रोज ब्रशने काढा. आमचा अर्धा त्रास एवढ्यानेच गेला, त्याचा खर्च शून्य, आणि हे आधी मला कुणी सांगितलं नाही. खाचा झिजून सपाट झाल्या असतील किंवा रबर कडक होऊन चिरलं असेल तर काही लावू नका, बूट बदला. चपला दुरुस्त करणाऱ्या काकांकडून खाचांची रबर शीट सोल्यूशनने चिकटवून घेता येते; तळ आधी खरवडून घेतला तरच ती टिकते. तेलाच्या जागी साधं रबर फुगतं, तिथे नायट्राइल रबराचा तळ मागा. आणि फरशी! आम्ही नुसत्या ओल्या पोछ्याने तेल पसरवत होतो. आता तेल काढणारं लिक्विड टाकतो, थोडा वेळ तसंच ठेवतो, मग घासून, धुऊन, पाणी ओढून घेतो.

स्प्रेचं नाव लिहीत नाही, कारण नाव टिकतच नाही. परवा तोच व्हिडिओ पुन्हा दिसला: तीच लादी, तेच तेल, तोच माणूस. नाव नवीन, वेबसाइट नवीन, आणि आता बाथरूमच्या लादीसाठीही चालतो म्हणे. खाली आमच्याच ओळखीतल्या एकाने विचारलं होतं, "सीओडी आहे का?" त्याला लगेच फोन केला. त्याने आदल्या रात्रीच ऑर्डर दिली होती, प्रीपेड, १०० रुपये सूट मिळाली म्हणून.