कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतलं तागडी दुरुस्तीचं दुकान: चार स्टार

शुक्रवार पेठेत माझं कांदे-बटाट्याचं दुकान. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली आणि सगळा माल कुजला. त्या दिवाळीपासून मी मालाच्या पारड्याखाली चिंच चिकटवायला लागलो. पुराला बोल लावत नाही. पाणी शेजारच्या दुकानातही शिरलं होतं, त्यानं नाही चिकटवली.

तागडीला दर दोन वर्षांनी वैधमापनचा, म्हणजे वजनं-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा शिक्का लागतो. तेवढ्यापुरती चिंच काढायची, शिक्का पडला की परत लावायची. गेल्या वर्षी ऑक्टोबरात मात्र तशीच घेऊन गेलो. विसरलो म्हणालो तर खोटं होईल.

दुकान म्हणजे एक खोपटंच. भिंतीवर परवाना टांगलेला, खाली काका बसलेले. सत्तरी पार, गळ्यात तुळशीची माळ. त्यांनी पारडं उलटं केलं, स्क्रू ड्रायव्हरनं वाळकी चिंच खरवडून कागदावर घेतली आणि सोनाराकडं असतो तसल्या बारीक काट्यावर ठेवली. बावीस ग्रॅम. पुडी बांधून माझ्या हातात दिली. "ही तुमची." मग खाली मान घालून दांडी सरळ करायला लागले. असं काम कुठं बघितलं नाही. घाई नाही, काटा मधोमध स्थिर होईपर्यंत तीनदा तपासला.

मलाच राहवेना. म्हटलं, दर शुक्रवारी अंबाबाईच्या पेटीत पैसे टाकतोय मी.

"कांदं तिनं नेलं हुतं व्हय?"

"मग माझं कसं हुणार, काका?"

"अजामिळाचं झालं की, एवढा पापी. त्यानं मरताना नारायण म्हणून हाक मारली, पैसं न्हाई मोजलं. गिऱ्हाइकाचं गिऱ्हाइकाला घाला, आईकडं मोकळ्या हातानं जावा."

तेव्हापासून किलोला पन्नास ग्रॅम वरती घालतोय. एका मावशींनी विचारलंही, "काटा बिघडलाय काय रं तुझा?" पण गल्लीतल्या एक आजी मधल्या काळात वारल्या. त्यांचे ग्रॅम कुणाला घालायचे, हे परत जाऊन विचारलं तर काकाही गप्प बसले. नुसता चहा सांगितला.

९ नोव्हेंबरला किरणोत्सवाला गेलो. पहिल्या दिवशी मावळतीची किरणं देवीच्या पायांपर्यंतच येतात, मुखावर यायला तिसरा दिवस लागतो. लोक तिसऱ्या दिवसासाठी गर्दी करतात. मला पाय पुरेत, म्हणून पहिल्याच दिवशी गेलो.

आता तक्रारी. दुकान साडेअकराशिवाय उघडत नाही, गाडी लावायला जागा नाही, गूगल पे चालत नाही. एक स्टार त्याचा कापला. पावती मागितली तरच मिळते. माझ्या पावतीवर लिहिलंय: दांडी सरळ करणे, पारडी साफ करणे. चिंचेचं नाव नाही.