उपासनेत शब्द कोणाचा: आज्ञेचा की आपल्या पसंतीचा?

ख्रिस्ती उपासनेची मांडणी कशी करावी याविषयी धर्मसुधारणेच्या, म्हणजे युरोपातील चर्च सुधारण्याच्या चळवळीच्या, काळात दोन भूमिका पुढे आल्या; लूथर आणि कॅल्व्हिन हे त्या चळवळीचे दोन पुढारी. लूथरच्या परंपरेनुसार शास्त्राने ज्याला मनाई केलेली नाही ते उपासनेत चालू शकते. कॅल्व्हिनच्या परंपरेत मात्र, १६४६ साली पूर्ण झालेल्या वेस्टमिन्स्टर विश्वासकबुलीच्या (या परंपरेच्या श्रद्धेच्या लेखी निवेदनाच्या) २१व्या अध्यायानुसार, देवाने सांगितले तेवढेच करायचे, माणसाच्या कल्पनेला तेथे वाव नाही. पहिल्या भूमिकेमुळे चर्चसंगीत बहरले, हे मान्यच करावे लागते. तरीही मला दुसरी अधिक सावध वाटते. बायबलच्या जुन्या करारातला एक प्रसंग पाहा: कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी, गाडीवरून नेताना बैल अडखळल्यावर कोश सावरायला उज्जा नावाच्या माणसाने हात पुढे केला, तो बहुधा सद्भावनेनेच (आपणही तेच केले असते); तरी उज्जा तेथेच मरण पावला. कारण कोश दांड्यांनी खांद्यावर वाहावा ही देवाची आज्ञा नवी गाडी जुंपली तेव्हाच बाजूला पडली होती.